न सांगता तुटणारी दांडी

माझी मुलगी केतकी कॉलेजच्या संघाची रेसिंग कार चालवते. शर्यतीच्या सकाळी ती चाकाला धरून ठेवणाऱ्या कार्बन फायबरच्या दांडीवर नाण्याने टकटक करून कान लावून ऐकत होती.

"वरून तर धड दिसतेय," मी म्हणालो.

"बाबा, स्टील तुटण्याआधी वाकतं. ही न सांगता तुटते."

होस्टेलवरून ती रोज 'मी मजेत' म्हणते, ते मी कधी असं कान लावून ऐकलं होतं?

एका जागी आवाज बद्द आला, आतून थर सुटल्यासारखा. तिने दांडी काढून स्टीलची बसवली.

"जड होईल. मागे पडू."

"पडू दे गं."

गाडी शेवटून दुसरी आली. ती हसत उतरली, तरी कुंपणाच्या जाळीत रुतलेली माझी बोटं सुटेनात.