मामूंच्या राज्यात न मावणारी गावं

"काहून बा? काहून?" असं ओरडत मामू टेबलावर उघडा पंजा आपटायचे आणि दुकानातली सगळी ओळ दचकायची. वाशीमच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं झेरॉक्स काढायचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. अशा दुकानात उभ्या असलेल्या माणसाचा जीव आधीच टांगणीला लागलेला असतो. कोणाचा भरतीचा फॉर्म, कोणाचा पीकविमा, कोणाचं जातीचं प्रमाणपत्र. त्यात दुकानदारच कपाळाला हात लावून बसला, की गेलंच आपलं काम असं वाटतं.

"काय झालं मामू? फॉर्म रिजेक्ट झाला का?" एकदा कोणीतरी भीतभीत विचारलं.

"फॉर्मचं काही नाही भाऊ. अनसिंग बिघडलं. लोकाईनं कामंच बंद करून टाकले."

ओळीत अनसिंगचा एक माणूस होता. त्याने लगेच मोबाइल काढून घरी लावला. "काय झालं गावात? कोणतं काम बंद हाय?" तिकडून बायको सांगत असणार की काही झालेलं नाही, मी भाकरी टाकून राह्यली. पण याचा विश्वास बसेना. वाशीमपर्यंत बातमी आली म्हणजे काहीतरी असणारच ना! शेवटी दुकानात पासपोर्ट फोटो काढणाऱ्या काकांनी त्याला खांद्याला धरून कोपऱ्यातल्या जुन्या कम्प्युटरपाशी नेलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. तिथे एक हिरवा नकाशा होता, नकाशावर निळ्या पाण्याकाठी एक चिमुकलं गाव आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांत अनसिंग. त्या माणसाने बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाला, "आमच्या गावात एवढं पाणी कुठं हाय?"

तर असे मामू. वाशीमला येणंजाणं असेल तर तुम्हीही कदाचित त्यांच्याकडून एखादी झेरॉक्स काढून घेतली असेल आणि कोपऱ्यातल्या कम्प्युटरकडे तुमचं लक्ष गेलं नसेल. तो राज्य वाढवायचा खेळ होता. त्यात आपण एक चाल करायची, मग शत्रूने एक करायची. आपण चाल केल्याशिवाय तिकडे पानसुद्धा हलत नाही. मामूंना हीच गोष्ट आवडायची. गिऱ्हाइकाचे कागद मशीनमध्ये सरकवायचे, ते बाहेर येईपर्यंत एक चाल करून यायचं. "लय शरीफ दुश्मन हाय," ते म्हणायचे. "मी चहा पिऊन येतो तवरीक हालत नाही."

खेळात नवं गाव वसवलं की त्याला आपल्या मनाचं नाव देता यायचं. मामूंनी राजधानीचं नाव वाशीम ठेवलं होतं आणि पुढची गावं गिऱ्हाइकांकडून घेतली होती. खेळातल्या धर्माचं ठाणं अर्थातच जिल्ह्यातल्या तीर्थाच्या गावाला, पोहरादेवीला. "दुसरीकडं ठेवलं तर लोकं काय म्हणतीन?" असं त्यांचं म्हणणं. नवा माणूस आला की पहिला प्रश्न, "कोणतं गाव?" गाव नकाशावर नसेल तर ते मनापासून शब्द द्यायचे, "वसवतो तुमचं गाव. पुढच्या खेपेले याल तर पाहून जाजा." आणि लोकही, तुम्हाला खोटं वाटेल, पुढच्या खेपेला येऊन विचारायचे.

पण त्या खेळात एक अट होती आणि तिने मामूंचं रक्त आटवलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक हसरा चेहरा होता आणि त्याच्यापुढे एक आकडा. आपली प्रजा किती खूश आहे ते त्यावरून कळायचं. प्रत्येक नव्या गावाबरोबर तो आकडा खाली यायचा. एका मर्यादेपलीकडे गावं वाढवली की चेहरा रडका व्हायचा, शेतं पिकेनाशी व्हायची, सैनिक लढेनासे व्हायचे आणि लांबचं एखादं गाव बंड करून उठायचं. म्हणजे तिकडे रिकामी जमीन पडली आहे, नदी आहे, खजिन्यात सोनं आहे, पण वसवायचं नाही.

"हे कोणतं शास्त्र हाय?" मामू दिसेल त्याला विचारायचे. "जमीन आपली, माणसं आपले. एक गाव वाढलं तर खुशी वाढाले पायजे. हा म्हणते घटते! आमच्या अम्मीनं कधी कोणाले म्हणलं नाही का आता जागा नाही. वरणात वाटीभर पाणी टाकलं का माणूस मावते."

"म्हणूनच तुमच्याकडचं वरण पातळ राह्यते," फोटोवाले काका मान वर न करता म्हणायचे.

काका वयाने मामूंपेक्षा मोठे, त्यामुळे मामूंना ऐकून घ्यावं लागायचं. त्याच काकांनी एकदा मोबाइलवर कुठला तरी परदेशी खेळाडू शोधून काढला. तो सांगत होता की शहाणा माणूस चार शहरं वसवतो आणि थांबतो. जिंकलेली छोटी शहरं जाळून टाकावीत, उगाच गर्दी वाढवू नये. मामूंनी ती चार वाक्यं ऐकून मोबाइल परत केला.

"चार गावाचा राजा! आमच्या तलाठ्याकडं याच्याहून जास्त गावं हाय. त्याची लोकं कुठं बंड करून राह्यली?" आणि मग जरा आवाज खाली आणून, "आन जाळू कसं? अनसिंगवाला उद्या झेरॉक्सले आला त त्याले काय सांगू?"

आता तुम्हीच सांगा, असा माणूस जिंकणार कसा? शत्रूचं गाव हाती आलं की इतर खेळाडू ते जाळतात. मामू त्याला वाशीमजवळच्या मालेगावचं नाव द्यायचे, तिथे जत्रा भरवायचे आणि जत्रेपायी खजिना रिकामा करायचे. मग चेहरा रडका, अनसिंग बिघडलेलं आणि टेबलावर पंजा.

मी त्या दुकानात पहिल्यांदा गेले ती काम मागायला. सासर सोडून मी रिठदला माहेरी परत आले होते. घर भावाचं, दोन खोल्यांचं. वहिनी वाईट नव्हती, घर लहान होतं. तिची पोरं झोपली की माझं अंथरूण कुठे घालायचं हा रोजचा प्रश्न होता आणि तो कोणीच तोंडाने बोलत नव्हतं. गावात तर माझं नावच गेलं होतं, मी अमक्याची परत आलेली बहीण होते. मला स्वतःची अशी एक जागा पाहिजे होती, मग ती वीतभर का असेना.

"कोणतं गाव?" मामूंनी विचारलं.

"रिठद."

त्यांनी माझ्या टायपिंगच्या सर्टिफिकेटकडे पाहिलंच नाही, कम्प्युटरकडे पाहिलं. "रिठद वसवाचं राह्यलंच," ते म्हणाले. काका म्हणाले, "मामू, चेहरा पाहा आधी, रडकुंडीला आला हाय." दुकानातही तीच गत होती. दोघांनाच तिथे पाय वळवायला जागा नव्हती. मामूंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि नदीच्या काठाला रिठद वसवून टाकलं. मला म्हणाले, "उद्यापासून ये बेटा." त्या संध्याकाळी अनसिंग पुन्हा बिघडलं, पण मी एसटीत रिठदपर्यंत खिडकीबाहेर पाहून हसत होते. कित्येक महिन्यांत हसले नव्हते.

मी फॉर्म भरायला शिकले, भरलेला फॉर्म चुकला तर तो परत कसा उघडायचा ते शिकले आणि मामूंची चाल चालू असताना गिऱ्हाइकाला गोड बोलून कसं थांबवायचं तेही शिकले. चहा वरून यायचा. मामी माडीवर राहायच्या आणि जिन्यातून हाक मारायच्या. त्यांना तो खेळ म्हणजे सवत वाटायची.

पण हळूहळू लोक घरूनच, स्वतःच्या मोबाइलवर फॉर्म भरायला लागले. गल्लीच्या तोंडाशी काचेचं दार असलेलं नवं सेंटर आलं. आमची ओळ आखडली. एकदा चहाचे कप ठेवायला मी जिन्यात गेले होते, तेव्हा वरून मामींचा आवाज आला, "दुकान एक, आन खानारे तीन घरचे. कोन्या तरी एकाले नाही म्हणा ना आता." मी कप पायरीवरच ठेवून खाली आले.

काका त्या दुकानात माझ्या कितीतरी आधीपासून होते. म्हणजे जायचं ते मीच. दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी नव्हती तेव्हा मी मामूंच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पडद्यावर चेहरा रडकाच होता.

"मामू, रिठद सोडून द्या," मी म्हणाले. "यात एक बटण हाय, मी पाह्यलं. गाव आजाद करता येते. मग ते तुमच्या गावाईत मोजत नाही. दोस्त म्हणून राह्यते."

"आपण वसवलेलं गाव कोण सोडते?" ते म्हणाले.

"आन मीबी उद्यापासून येत नाही."

मामूंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी जिन्याकडे पाहिलं. ते उठले, मशीनमध्ये कागद भरले आणि त्या दिवशी त्यांनी एकही चाल केली नाही. संध्याकाळी मी निघाले तर एवढंच म्हणाले, "हप्ताभर ये. मग पाहू." मी येत राहिले, पण दुकानात सगळेच जपून बोलायचे.

हप्त्याने मी दुकानात पोचले तर दारात एक मालवाहू ऑटो उभा. त्यात दुकानातला दुसरा कम्प्युटर, छोटं झेरॉक्स मशीन आणि प्रिंटर गोणपाटात गुंडाळलेले. काका दोरी आवळत होते. मामी जिना उतरून खाली आल्या आणि त्यांनी माझ्या हातात डब्बा दिला. मामू ऑटोत पुढे बसले आणि म्हणाले, "चल. रिठदले निंघाचं."

रिठदच्या एसटी स्टॉपजवळ माझ्या भावाच्या ओळखीचं एक दुकान बंद पडलेलं होतं. मामूंनी ते आधीच पाहून ठेवलं होतं, मला पत्ता न लागू देता. दिवसभर वायरी जोडल्या, बाकडं टाकलं. पाटी रंगवायला माणूस आला तेव्हा मी म्हणाले, वर मामूंचं नाव टाका. मामू असे भडकले की अनसिंग बिघडल्यावरही भडकले नसतील.

"माझं नाव टाकशीन त माझ्यातच मोजलं जाईन! तुझं नाव टाक. आजाद म्हणजे आजाद."

पाटीवर माझं नाव आलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव मी एवढ्या मोठ्या अक्षरांत पाहिलं आणि पेंटरसमोर रडले. मामूंनी तोंड फिरवून ऑटोवाल्याला चहा पाजला.

पुढे कागद आणायला मी वाशीमला गेले तर त्यांनी मला ओढतच कोपऱ्यात नेलं. नकाशावर सगळी गावं हिरवी, रिठद तेवढं पिवळं. "पाह्य, तुझा रंग वेगळा!" ते म्हणाले. बंड थांबलं होतं, चेहरा हसरा झाला होता. मला वाटलं, शिकले एकदाचे. पण त्यांनी काय करावं? जागा मोकळी झाली म्हणून लागोलाग शेलूबाजार वसवलं. चेहरा पुन्हा रडका. "काहून बा?" आणि पंजा. काका म्हणाले, "यायले देवबी सुधरवू शकत नाही."

रिठदला सुरुवातीला लोक यायचे, पण रांग लावायचे नाहीत. आल्या आल्या कागद माझ्यापुढे फेकायचे, घाई करायचे, "तुह्या भावाले सांगतो" म्हणायचे. बाईचं दुकान, त्यातही सासर सोडलेल्या बाईचं. मी कोणाला काही बोलले नव्हते, पण मामूंना कसं कळलं कोण जाणे.

एक दिवस वाशीमहून रिसोडला जाणाऱ्या बसमधून मामू उतरले. इस्त्रीचा पांढरा कुडता, हातात आधार कार्ड. ज्याच्या घरात झेरॉक्सचं मशीन आहे तो माणूस आधार कार्डाची झेरॉक्स काढायला रिठदला आला होता. त्यांना पाहून मी खुर्चीवरून उठायला लागले. वडीलधारं माणूस दारात आल्यावर बसून कसं राहायचं? त्यांनी लांबूनच पंजा खाली दाबला. "बस. राजानं उठाचं नसते." आणि बाकड्यावर सगळ्यांच्या मागे जाऊन बसले.

बाकड्यावरची घाई थांबली. वाशीमचा पिकल्या दाढीचा माणूस पाळीची वाट पाहत बसलाय आणि आपण पुढे घुसायचं, हे कोणाला जमेना. मामू शेजारच्याशी सोयाबीनबद्दल बोलत राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा समोर उभं राहून म्हणाले, "ताई, एक कापी काढून देता का?" मला बेटा म्हणणारा माणूस सगळ्यांसमोर मला ताई म्हणाला. मी कापी काढून दिली. त्यांनी ती उजेडाला धरून पाहिली, "साफ निंघाली," असं बाकड्याला ऐकू जाईल असं बोलले आणि परतीच्या गाडीला गेले.

त्यानंतर ते अधूनमधून यायचे, प्रत्येक वेळी कसलीतरी झेरॉक्स काढायला. मी प्रत्येक वेळी उठायला जायचे आणि ते प्रत्येक वेळी बसवायचे. आता गावात मला ताई म्हणतात. ओळ लागते. मागच्या बाजूला मी एक खोली बांधली आहे आणि माझं अंथरूण कुठे घालायचं हे मी ठरवते. जे काही आहे ते त्या माणसामुळे आहे आणि हे मला कोणीही, कधीही विचारावं, मी आनंदाने सांगते.

मागच्या हिवाळ्यात काकांचा फोन आला. सकाळची वेळ होती, बाकडं भरलेलं होतं, मी एका म्हाताऱ्या बाईचा अंगठा मशीनवर धरून होते. काका एवढंच म्हणाले, "मामू गेले, ताई." मी त्या बाईचा अंगठा हळूच सोडला आणि खुर्चीवरून उठून उभी राहिले. बाकड्यावरची माणसं माझ्याकडे पाहत होती. मी तशीच उभी राहिले, बराच वेळ. या खेपेला मला कोणीच बस म्हणालं नाही.