मेंबर सिन्स २००३

मी एका बाबतीत माझ्या लग्नापेक्षा जुना आहे, आणि ती बाब प्लास्टिकची आहे.

झालं असं की लग्नाआधी, सडाफटिंग असताना, मी एका कंपनीचं क्रेडिट कार्ड घेतलं होतं. थोडे दिवस ते पाकिटात मिरवलं आणि बंद करून टाकलं. (तेव्हा नागपुरात ते कार्ड चालणारं दुकान सापडणं म्हणजे मे महिन्यात स्वेटर विकणारा सापडणं!) यंदा त्याच कंपनीचा फोन आला. "सर, तुम्ही तर आमचे जुने मेंबर!" मला 'जुना' इतक्या प्रेमाने आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी विरघळलो. काही दिवसांत नवंकोरं कार्ड घरी आलं आणि त्यावर झळाळत्या अक्षरांत छापलेलं: मेंबर सिन्स २००३.

"वंदना, हे पाय वं!"

"काय पाहू? कार्ड तर हाय."

"साल पाय. आपलं लगन २००६चं. मी त्याच्याही आधीपासून मेंबर!"

"मंग त्यायच्याच घरी जाऊन जेवा," म्हणून ती वांगी चिरायला बसली.

वंदना शाळेत शिकवते आणि तिला त्या दिवसांत एकच ध्यास होता: सक्करदऱ्याचा एक फ्लॅट. गॅलरीत उभं राहिलं की समोर तलाव. आमच्या भाड्याच्या घराला एकच मोठी खिडकी, आणि ती उघडते घरमालकाच्या कूलरच्या तोंडासमोर. भर उन्हाळ्यात त्यांची दमट हवा आमच्या उशीवर! फ्लॅटचा मालक ओळखीचा होता, महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. फक्त गृहकर्ज मंजूर व्हायला हवं होतं.

"बँकवाले म्हणे पाह्यतात, आपलं कार्ड-बिर्ड किती जुनं हाय ते," वंदना म्हणाली.

"मंग झालंच ना काम!" मी कार्डाला एक पप्पी दिली.

त्या रविवारी कामठीला सासुरवाडीत जेवण होतं. तिथे माझी एक जुनी जखम बसलेली असते. तिचं नाव प्रमोदराव. ते माझे साडभाऊ, म्हणजे वंदनाच्या थोरल्या बहिणीचे नवरे, त्यामुळे थोरले जावई. पहिला टिळा त्यांना, पहिली पाटवडी त्यांच्या ताटात, आणि उरलेला रस्सा माझ्या नशिबात. मी जेवता जेवता सहज (दोन दिवस तालीम करून) कार्ड काढलं आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"प्रमोदभाऊ, तुमचं कार्ड कोणत्या सालचं?"

"दोन-तीन वर्सं झाले असतील. काहून?"

"नाही, सहज इचारलं. आपलं २००३चं हाय."

सासूबाई चष्मा सावरत वाकल्या. "जावईबापू, इतकं जुनं झालं तर बदलून काहून नाही घेत?"

"आई, हे जितकं जुनं तितकं भारी. तांदळासारखं!"

प्रमोदरावांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, मग माझ्या उघड्या पाकिटातल्या दुसऱ्या कार्डाकडे बोट दाखवलं. "मानलं बा तुमाले. मंग हे असताना ते बँकेचं साधं कार्ड कायले ठेवलं गा? दरवर्षी फी भरून राह्यले फुकटची."

थोरल्या जावयाने मला मानलं! माझ्या अंगात वारं शिरलं. ते साधं कार्ड लग्नानंतर लगेच घेतलेलं, इमानेइतबारे चालू असलेलं. मी तिथल्या तिथे बँकेला फोन लावला, तोही स्पीकरवर, म्हणजे सासुरवाडीला माझा रुबाब नीट ऐकू यावा.

"सर, बरीच वर्षं झालीत या कार्डाला," पलीकडची मुलगी कळवळून म्हणाली. "एकदा विचार करून पाहा ना."

"विचार झाला! बंद करा!"

"अहो, आत्ताच कायले बंद करता?" वंदना कुजबुजली. "लोन तर होऊ द्या."

"तुले नाही समजत वं."

(या चार शब्दांनी माझ्या संसाराचं जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं घरमालकाच्या कूलरनेही केलेलं नाही.)

मग आम्ही बँकेत गेलो. अर्जात पहिलं नाव कोणाचं, यावर मी आधीच निकाल दिला होता: अनुभवी माणसाचं. बँकेतल्या मॅडमनी काँप्युटरवर माझं रेकॉर्ड उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि हळुवारपणे म्हणाल्या, "सर, तुमचं रेकॉर्ड फार कोवळं आहे."

माझ्या डोक्यावर केस उरलेले नाहीत, आणि ही बाई मला कोवळा म्हणते! मी कार्ड काढून टेबलावर आपटलं. "साल वाचा मॅडम!"

"ते साल म्हणजे कंपनीने दिलेला मान आहे सर. कार्डाचं वय वेगळं. आता पाहा, एखादा माणूस नोकरी सोडून गेला आणि वीस वर्षांनी परत आला, तर शिपाई त्याला ओळखतो, चहा पाजतो. पण सर्व्हिस आजपासूनच मोजतात ना? हे खातं यंदा उघडलंय. दुसरं एखादं जुनं, चालू असलेलं कार्ड आहे का?"

"होतं," वंदना म्हणाली. "गेल्या रविवारी कामठीले वारलं."

मॅडम हसू दाबत खाली पाहू लागल्या. वंदना हसत नव्हती. तिच्या डोळ्यांसमोरून तलाव आटत चाललेला मला स्पष्ट दिसला, आणि मी टेबलावरचं कार्ड हळूच उचलून खिशात घातलं.

"मॅडम, माह्यं एक कार्ड हाय," ती म्हणाली. "शाळेत लागली तेव्हाचं. त्यावर मी फक्त सिलिंडर अन् लाईटचं बिल भरते." (या कार्डाला मी आयुष्यभर 'सिलिंडरचं कार्ड' म्हणून हिणवलं होतं.)

मॅडमनी काँप्युटरवर पाहिलं आणि खुर्चीत सरळ बसल्या. "अहो, हे तर मस्त आहे! पहिलं नाव तुमचंच घाला. सर सहअर्जदार राहतील."

बाहेर आल्यावर ती एवढंच बोलली, "लोकायले चष्मे इकता अन् सोताले बारीक अक्षर दिसत नाही!" (माझं चष्म्याचंच दुकान आहे.)

कर्ज मंजूर झालं. आता दारावर पाटी आहे, पहिली ओळ तिची, दुसरी माझी. वास्तुपूजेला पहिला टिळा अर्थात प्रमोदरावांना. संध्याकाळी गॅलरीत तलावाचा वारा खात मी धीर करून म्हणालो, "काहीही म्हण वंदना, नवरा म्हणून तर मी जुना मेंबर हावो ना? सिन्स २००६!"

तिने चहाचा कप माझ्या हातात दिला.

"छापलेलं साल २००६चंच हाय, नाही कोण म्हणते? पण अकलेचं खातं तुमचं यंदाच उघडलं."