वाया गेलेला रुसवा

आमच्या अकोल्याच्या विहीणबाईंइतकी, जिच्यावर रुसून काडीचा उपयोग नाही अशी बाई अख्ख्या वऱ्हाडात सापडायची नाही. हे मला मुलाच्या लग्नात कळलं. तेव्हा मी जेमतेम साठीची, म्हणजे अक्कल यायची होती. अमरावतीहून वऱ्हाड घेऊन गेलेली वरमाय! विहीणबाई माझी ओटी भरता भरता मध्येच थांबल्या, अनोळखी बाईकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं, नारळ माझ्या हातात कोंबला आणि निघून गेल्या. झालं! नव्या पैठणीसकट मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि जेवणार नसल्याचं मांडवभर जाहीर केलं. आता मनधरणी होईल, साडी येईल, निदान जिलबीचं ताट तरी येईल. बऱ्याच वेळानं त्या आल्या, शेजारी टेकल्या आणि मायेनं म्हणाल्या, "जेवण कसं झालं, विहीणबाई?" मी उपाशीच अमरावतीला परतले.

पुढं त्यांच्या एकेक तऱ्हा कळल्या. दुधाची, गॅसची, गोळ्यांची आठवण म्हणून त्या पदराला गाठी मारायच्या. दुपारपर्यंत पदर इतका आखूड व्हायचा की डोक्यावर पुरत नसे. मग भेटेल त्याला विचारायच्या, "ही गाठ कायची होती हो?" एकदा मी चावटपणानं म्हटलं, "मले साडी घ्यायची होती." दुसऱ्या दिवशी साडी हजर! अजून नेसते मी ती, निर्लज्जासारखी. एकदा चिखलदऱ्याला सगळे मिळून फिरायला गेलो; बाकीचे दरी बघत होते, तर या म्हणाल्या, "आधी संडास कुठं हाय ते दाखवा, मंग दरी पाहू."

सून बाळंतपणाला अकोल्याला गेली, नात झाली, तेव्हा कुठं तिनं मला सांगितलं. आईच्या मोठ्या आतड्याला कितीतरी वर्षांपासून सूज आहे. ती उसळली की सारखं पळावं लागतं, रक्त जातं, झोप मोडते आणि डोकंही गढूळ होतं. माझी ओटी सोडून त्या पळाल्या होत्या त्या संडासाकडे. लाजेपायी कुणी बोललं नव्हतं. आणि आता त्या नातीला हातच लावत नव्हत्या; लेकीला म्हणायच्या, "इसरून कुठं ठेवून देलं तं? माह्या डोक्याचा भरोसा नाही, माय."

मी सरळ सामान घेऊन अकोल्याला गेले आणि मुलाच्या आईनं सुनेच्या माहेरी राहू नये हा नियम सोयीनं विसरले. त्यांच्यासोबत डॉक्टरांकडेही गेले. डॉक्टर म्हणाले, "डोकं गेलेलं नाही, आजी. आतडं शांत झालं, अंगात रक्त भरलं, झोप लागली की बऱ्याच जणांचं निवळतं." औषध बदललं. तोवर त्यांच्या पदराच्या गाठी मी माझ्या पदराला मारून घेतल्या, आणि मग आम्ही दोघी मिळून विसरू लागलो.

काही महिन्यांनी एका सकाळी मी पूजा आटोपून बाहेर आले, तर विहीणबाई न्हाणीत पाय पसरून बसलेल्या, पायांवर नात. एकट्याच तिला न्हाऊ घालत होत्या. पदराला एकही गाठ नव्हती. दुखणं उद्या पुन्हा उसळेलही. त्या दिवशी मात्र पाण्याची धार पोरीच्या कपाळावरून अगदी बेतानं पडत होती.

त्या दिवशी मी त्यांना लग्नातल्या रुसव्याची गोष्ट सांगितली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग नातीला खांद्यावर घेत म्हणाल्या, "मले त्यातलं काहीच आठवत नाही, विहीणबाई. तुमी असं करा, पुन्हा एकदा रुसून बसा. मी पोरीले झोपवतो अन् तुमाले मनवाले येतो."