अय्यूबभाईचा घरचा फोन

दिग्रसच्या अय्यूबभाईला मोबाइलच्या सगळ्या पिढ्या पाठ आहेत, पण त्याची मोजण्याची पद्धत निराळी आहे. कोणत्या फोनवर किती बिनधास्त थाप मारता येते, त्यावरून तो पिढी ओळखतो. टूजीत सगळं खपायचं, थ्रीजी आलं तशी माणसं फोटो मागू लागली, आणि फोरजीनं तर जगणंच अवघड केलं, असं त्याचं म्हणणं. त्याची सगळ्यात मोठी थाप मात्र टूजीच्या काळातली, आणि तीही एका विचित्र फोनवरची.

अय्यूबभाई मूळचा छत्र्या दुरुस्त करणारा. पावसाळा सरला की हात रिकामे. ती वर्षं कापसाचा भाव पडल्याची. बाजारातल्या खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागे ती दोन-दोन दिवस हलत नसे. गाडी सोडून घरी निरोप द्यायला जाणार कोण? हे हेरून त्यानं एक बिनतारी फोन घेतला. दिसायला टेबलावरच्या फोनसारखा चांगला ऐसपैस, पण तार नाही. मागे अँटेना, पोटात बॅटरी. सीडीएमए म्हणायचे त्याला. इतरांच्या मोबाइलसारखं त्यात कार्ड नसे, आणि दिग्रस तालुका ओलांडला की तो मुका होई. अय्यूबभाई तो कापडी पिशवीत घालून सायकलच्या हँडलला अडकवी आणि कॉलमागे पैसे घेत रांगभर फिरे.

इथवर ठीक होतं. मग मुलगी कहकशां हिची सोयरीक उमरखेडला जुळत आली. मुलगा रिजवान विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून वाइंड करायचा, आणि कहकशांला तो मनापासून आवडला होता. पाहुण्यांसमोर अय्यूबभाईनं ऐटीत सांगून टाकलं, "घर में फोन है." रिजवानच्या आईनं, अमिनाबीनं, नंबर घेतला.

आणि ती फोन करू लागली, तोही नेमका भर दुपारी. फोन बाजारात, पोरगी घरी.

"कहकशां को दो जरा."

"आपा, वो नमाज पढ रही है."

दुसऱ्या खेपेला ती कपडे धूत होती, तिसऱ्या खेपेला पुन्हा नमाज. मागे बैल हंबरला तर तो शेजाऱ्यांचा. एवढी नमाजी सून मिळणार म्हणून अमिनाबी खूश होईल, असा अय्यूबभाईचा अंदाज. पण तिला आठवलं, पाहायला गेलो तेव्हाही पोरीनं लाजून नुसती मान हलवली होती. तिनं निरोप धाडला: पोरगी मुकी तर नाही? शुक्रवारी दुपारी फोन करते. तिचा आवाज ऐकला तर निकाह, नाही तर आमचा सलाम.

अय्यूबभाईच्या तोंडचं पाणी पळालं. शुक्रवारी फोन घरी ठेवायचा, एवढंच तर काम होतं. पण त्याच दिवशी रांगेत बबनराव नावाचे शेतकरी होते. त्यांची मुलगी सोनू बाळंतपणासाठी यवतमाळच्या दवाखान्यात होती, आणि त्यांची बायको विमलताई तिथून याच नंबरावर खबर देणार होती.

"जा ना घरी," बबनराव म्हणाले. "पोरीच्या लग्नाचा मामला हाये."

"अन् तुमची पोरगी?"

"थे काय फोनसाठी थांबून राह्यली? होईन मोकळी."

म्हणाले खरे, पण त्यांची नजर काही पिशवीवरून हलेना. अय्यूबभाईनं सायकलला टांग मारली, उतरला, पुन्हा मारली, पुन्हा उतरला. त्याला दोन्ही पोरींची काळजी लागली होती आणि फोन एकच होता. शेवटी तो गाडीच्या चाकाशी मटकन बसला.

वाट पाहून कहकशां स्वतःच बाजारात आली. तिनं बापाकडे बघितलं, बबनरावांकडे बघितलं, आणि उंचावर रेंज चांगली लागते म्हणून फोन घेऊन सरळ कापसाच्या गाडीवर चढली. तेवढ्यात घंटी वाजली.

"खाला, मैं कहकशां. अब्बा झूट बोलते हैं. ये फोन घर में रहताच नहीं, बाजार में रहता. मैं अभी कपास की गाडी पे खडी हूँ." बैल हंबरला. "ये भी पडोसी का नहीं है."

अय्यूबभाईनं कपाळावर हात मारला. पोरगी थांबेना.

"और खाला, आप जल्दी रख दो. यहाँ एक काका की बेटी दवाखाने में है, उनका फोन आनेवाला है."

पलीकडून खट्कन आवाज आला. फोन बंद.

"गेली सोयरीक," अय्यूबभाई पुटपुटला. कहकशांचा चेहरा पडला, पण ती गाडीवरून उतरली नाही.

थोड्या वेळानं विमलताईचा फोन आला. नात झाली, दोघी सुखरूप. बबनराव सगळ्यांदेखत रडले आणि बैलांसाठी आणलेला गूळ त्यांनी रांगेत वाटून टाकला. गूळ तोंडात असतानाच पुन्हा घंटी वाजली. अमिनाबी होती.

"दवाखानेवाली का क्या हुआ?"

"लडकी हुई, खाला."

"मुबारक. अब अब्बा को दे, तारीख पक्की करनी है. और उनको बोल, मेरी नमाज हो गयी."

उमरखेडला ठरलेल्या निकाहाला अय्यूबभाई तो फोन मिरवायला घेऊन निघाला. एसटीनं तालुका ओलांडला आणि फोन मुका झाला. लेक यापुढे आपल्या फोनच्या हद्दीपलीकडे राहणार, हे त्याला तेव्हा कळलं. पिशवी मांडीवर घेऊन तो उमरखेडपर्यंत पुन्हा पुन्हा फोन कानाला लावून बघत राहिला. त्याला फार वाईट वाटलं.

पुढे हद्दी गेल्या, फोन खिशात मावू लागले, सीडीएमए बंदच पडलं. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी डॉक्टरांनी अय्यूबभाईला उन्हात फिरायची बंदी केली, तेव्हा कहकशां रोज दुपारी व्हिडिओ कॉल करू लागली.

"अब्बा, कहाँ हो?"

"घर में."

"कॅमेरा घुमाओ."

घुमवावा लागला. बाजारच होता तो. कापसाच्या ट्रॅक्टरपाशी बबनराव उभे होते, आणि त्यांच्याजवळ दिवाळीच्या सुट्टीत आलेली दोन वेण्यांची एक मुलगी हात हलवत होती. कहकशां रागवायचं विसरली.

"ये कौन?"

"इसके लिए तूने अपनी सास का फोन कटवाया था."

कहकशांनं मागे वळून हाक मारली, "अम्मी, जल्दी आओ!" म्हातारी अमिनाबी चष्मा चढवत आली, तोंड अगदी पडद्याला लावून बघत राहिली, आणि म्हणाली, "या अल्ला, कितनी बडी हो गयी!"