ढोमणे सरांची जाड वही

पेपर तपासायच्या खोलीत आठ दिवस बसून पाहा. गठ्ठे संपतात, किस्से उरतात!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या संस्थेच्या पाच शाळा होत्या. नववीचे इंग्रजीचे पेपर आम्ही पाच शिक्षक महाल भागातल्या शाळेत एकत्र बसून तपासायचो. चार सर आणि मी एकटी बाई. प्रमुख होते ढोमणे सर. माणूस सज्जन, पण संशयी इतके, की सुराईतलं पाणी आधी सखाराम शिपायाला पाजायचे, पाच मिनिटं त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे आणि मग स्वतः प्यायचे!

सरांजवळ एक जाड वही असायची. कॉपीचा वास आला की नंबर वहीत. "पाच डोकी सारखी चालत नसतात बाई! पाच पेपरात तोच शब्द दिसला, तं समजायचं कॉपी!" वहीत गेलेला नंबर पुन्हा बाहेर आल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

*

सगळ्यात जास्त भांडणं व्हायची ऑपोझिटवर. सरांनी आम्हाला उत्तरांचा कागद दिलेला, त्यात एका शब्दाला एकच उलटा शब्द. 'राइट'ला 'राँग'. संपलं! इंगोले सरांनी एकदा 'लेफ्ट'लाही मार्क दिला.

"काहून गा इंगोले? या गठ्ठ्यात कोण आहे तुमचं?"

"सर, पेपरवर नाव कुठं असते? नुसता नंबर आहे."

"म्हणजे नंबर पाठ करून आले!"

इंगोले सरांनी मुकाट्यानं मार्क खोडला.

*

एका पोरानं 'शॉर्ट'समोर 'लाँग' लिहिलं, मग तिरपी रेघ मारून पुढं 'टॉल'. दोन्ही बरोबर! मी मार्क देणार, तेवढ्यात सर मागून वाकले.

"थांबा बाई. ज्याले येते तो एकच लिहिते. दोन जबान्या देते तो चोर!"

पुढच्या पेपरात ती जागा कोरीच होती. सर एकदम खूश!

"हा पोरगा हुशार आहे. याले प्रश्नाचाच संशय आला!"

*

आता वाडीचं सांगते.

वाडीच्या शाळेच्या गठ्ठ्यात नऊ जणांनी 'लाइट'ला 'हेवी' लिहिलं. कागदावर होतं 'डार्क'. नऊच्या नऊ नंबर वहीत गेले आणि निकाल अडले. त्यातल्या सुनंदा नावाच्या मुलीची आई आमच्या दाराशी येऊन बसली.

"चोरी नाही केली जी माह्या पोरीनं. नापास झाली तं तिचे बाबा शाळा सोडवतात. लगनाचं पाहूनच राहिले ते."

मला जेवण गेलं नाही त्या दिवशी. 'हेवी' चूक नाही, हे मी सरांना तीनदा सांगितलं. सर म्हणाले, "चूक नसन. पण नऊ जणांले एकदम सुचलं कसं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत पाय ठेवते न ठेवते, तर सरांचा हुकूम! "बोलायचं नाही. वेगवेगळे बसा. दहा शब्द सांगतो, ऑपोझिट लिहा पटापट." कोपरे चार, म्हणून मी दाराशी बसले. सरांनी स्वतःही लिहिलं. कशाला, ते काही सांगितलं नाही.

दुपारी सुनंदाला बोलावलं. बारीकशी पोरगी, दोन वेण्या, नजर सरळ.

"हेवी कुठून आणलं?"

"घरून, सर. बाबा ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर माल उतरवतात. मुकादम रोज वराडते, लाइट माल बायांकडं, हेवी गड्यांकडं."

"अन् नऊही जणांचे बाबा गोडाऊनवरच?"

"हो सर."

"पाहा! म्हणजे ठरवून!"

मग सरांनी सकाळचे पाच कागद टेबलावर पसरले. "हे पाच मास्तर. वेगळे बसवले. पाचही जणांनी 'डार्क' लिहिलं. एकालेही 'हेवी' सुचलं नाही! या बाईंलेसुद्धा नाही!"

खरंच होतं. माझ्याच अक्षरात 'डार्क'! आठवडाभर तोच कागद बघून हाताला वळण पडलेलं. त्या पोरीकडे बघायची मला लाज वाटली.

सुनंदा मात्र एकेक कागद नीट वाचत होती.

"सर, एक विचारू? आमचं नऊ जणांचं सारखं निघालं तं कॉपी झाली. तुमचं पाचही जणांचं सारखं निघालं, तं…"

सखारामला जोराचा खोकला आला.

सरांनी पाचही कागद उचलले, खिडकीशी नेले, उजेडात धरून अक्षरं ताडून पाहिली. बराच वेळ पाहिली. परत येऊन वही उघडली आणि नऊ नंबरांवर रेघ ओढली.

"जाय पोरी. घरी सांग, पास आहे म्हणून."

ती पळतच सुटली. माझे डोळे भरून आले. इंगोले सरांनी तर टेबलावर थाप मारली.

सरांनी मात्र वही मिटली नाही. त्या नऊ नंबरांच्या खाली आम्हा चौघांची नावं लिहिली, सखारामला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "सकाळी मी लिहून राहिलो होतो, तवा माह्या मागं कोण उभं होतं गा?"