आखूड पायाचं स्टूल

आपल्या धाकट्या भावात सुवार्तिक कुठून शिरला, हे ताईला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या घराण्यात चार माणसांसमोर उभं राहून कुणी कधी बोललेलं नव्हतं. जे काय बोलायचं ते पाठीमागे. हा मात्र ऐन विशीत सुतारकाम सोडून चौकात उभा राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, कुणी विचारलं नसताना, तारणाचा मार्ग सांगू लागला. प्रभूही सुतारच होता, असं तो मोठ्या तोऱ्यात म्हणे.

"हो, पण त्याची स्टुलं डगमगत नसतील," ताई म्हणायची.

ती हे उगाच म्हणत नसे. धंद्यात असताना त्याने धड असं एकच स्टूल केलं, तेही ताईसाठी. तिच्या शिवणाच्या खोलीत कापडाचे गठ्ठे वरच्या फळीवर असत, तिथे हात पोचावा म्हणून. त्याचा उजवीकडचा एक पाय बोटभर आखूड निघाला. उद्या तुकडा ठोकून देतो, म्हणाला, आणि संध्याकाळी तेच स्टूल काखोटीला मारून चौकात गेला. देवाने त्याला आवाज सढळ हाताने दिला होता, उंची देताना हात आखडला होता. मग जन्मभर तेच. दिवसा स्टूल ताईचं, संध्याकाळी प्रभूचं.

स्टूल उजवीकडे कलायचं, म्हणून तो सगळा भार डाव्या पायावर टाकून, उजवी टाच उचलून, डावीकडे झुकून उपदेश करी. ऐकायला असत बसची वाट बघणारे. बस आली की तारण अर्ध्यावर राही. तरी म्हातारपणापर्यंत मंडळी जमली, भाड्याचा हॉल आला, कमिटीही आली. आणि मग अक्कल निघून गेली. नवशिके उपदेशक सपाट फरशीवरसुद्धा टाच उचलून डावीकडे झुकायला लागले. सेक्रेटरींनी त्यावर पुस्तिकाच लिहिली : ब्रदर सदैव दुबळ्यांच्या बाजूला झुकत. ताईने ती वाचली, चौघडी करून शिवणयंत्राच्या पायाखाली सरकवली. यंत्र हलायचं थांबलं. एवढा उपयोग त्या पुस्तिकेचा आणखी कुणाला झाला नसेल.

तो गेला, आणि दफनावरून परततानाच सेक्रेटरींनी स्टूल हॉलमध्ये नेलं. काचेच्या पेटीत ठेवणार होते. ताई मागायला गेली तेव्हा त्यांनी तिला नवं स्टूल देऊ केलं.

"नवं तुमच्या काचेत ठेवा," ती म्हणाली. "माझं मला द्या."

ते आता मंडळीचं धन आहे, असं त्यांनी डोळे मिटून सांगितलं. मग गठ्ठे काढायला मी मंडळीच्या खांद्यावर चढू का, असं विचारून ती परतली. नंतरही दर रविवारी जाऊन तेच मागत राहिली.

पहिल्या स्मृतिदिनी तिला पुढच्या रांगेत बसवलं. पेटीत जाण्याआधी स्टुलावरून एकदा उपदेश व्हायचा होता. वारसदार म्हणून निवडलेला तरुण वर चढला, उजवी टाच उचलली, डावीकडे झुकला. "विश्वासात अढळ राहा," म्हणाला आणि थेट कीबोर्ड वाजवणाऱ्याच्या मांडीवर गेला. सगळे सूर एकदम वाजले.

ताई उठून स्टुलाजवळ गेली. त्याला चकचकीत पॉलिश केलं होतं. आखूड पायाला तुकडा जोडला होता, अगदी सफाईने.

"सरळ केलंत होय," ती सेक्रेटरींना म्हणाली. "अहो, त्याला झुकायची हौस नव्हती. पाय आखूड होता. उद्या ठोकतो म्हणाला होता."

सेक्रेटरींनी एकदा स्टुलाकडे पाहिलं, एकदा भरलेल्या हॉलकडे. मग आवाज खाली आणून, हे आजच्या आज घेऊन जा, म्हणाले. नवशिके अजून झुकतातच. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली आहे. तीत पडण्याचाही अर्थ सांगितला आहे.

घरी आल्यावर ताईने स्टूल उलटं केलं. भावाला सात जन्मांत जमलं नसतं असं ते काम होतं. तिने पक्कड घेतली आणि तो तुकडा उपटून काढला.

मग ती वर चढली. स्टूल उजवीकडे कललं, तिचा भार आपोआप डाव्या पायावर गेला, टाच उचलली गेली, हात गठ्ठ्याला लागला.

"आळशी कुठला," ती म्हणाली, आणि गठ्ठा न काढता थोडा वेळ तशीच झुकून उभी राहिली.