वल्हेकाकांचं गाळणं

वल्हेकाका जंगलात चहाचं गाळणं घेऊन जात, पण त्यातून चहा कधी गाळत नसत. भांडी विसळलेलं पाणी ते त्यातून गाळत, तळ्यापासून लांब नेऊन ओतत आणि गाळण्यात उरलेली मोहरी पुडीत बांधून थेट वेस्ट विंडसरला घरी आणत. त्यांचं आडनाव वेगळं होतं. दर उन्हाळ्यात मराठी मंडळाच्या लोकांना कनू, म्हणजे निमुळती होडी, वल्हवायला शिकवत, म्हणून वल्हेकाका.

मी इथे अमेरिकेत शिकायला आले त्या वर्षी मंडळाच्या ट्रिपला पोह्यांतला कढीपत्ता खुशाल झुडपात भिरकावला होता.

"हे झाड इथे उगवतं का गं?" काकांनी विचारलं.

"नाही काका."

"मग उचल. आपण येऊन गेलो हे जंगलाला कळता कामा नये."

मला भयंकर राग आला, पण रांगत पाचही पानं शोधली. निघताना ते तंबूची जागा पडलेल्या फांदीने झाडत, आपल्या पावलांचे ठसेसुद्धा पुसत.

अशा माणसाच्या वाट्याला काय यावं? काका गेल्यावर पितृपक्षात मंडळाने त्यांच्या लाडक्या तळ्यावर ट्रिप काढली. मी दुसऱ्या कनूतून मागाहून पोचले, तोवर पाइनच्या खोडात खिळा ठोकून काकांचा हार घातलेला फोटो टांगून झाला होता. खाली पानावर दहीभात, आणि सगळे कावळ्याची वाट बघत उभे. अस्वलांच्या जंगलात उघड्यावर दहीभात. काकांची मुलगी मीरा, इथेच जन्मलेली, बाजूला एकटी उभी होती. "आय टोल्ड देम, ताई. बाबा वुड हेट धिस." तिला आपल्यातलं काय कळतंय, म्हणून तिला गप्प केलं होतं. सातव्या वर्षापासून जिने ते गाळणं धुतलं, तिला.

तासभर कावळा फिरकला नाही.

"काकांची काहीतरी इच्छा राहिलीय यार," सेक्रेटरी म्हणाला.

"राहिलीच आहे," मी म्हटलं. "तो भात उचल आणि खिळा काढ."

कुणी हललं नाही. मग मीरा आणि मी गुडघ्यांवर बसून शीत न् शीत वेचलं. सेक्रेटरीने मुकाट्याने खिळा उपटला. मीराने जागा झाडून काढली.

खोडाला भोक मात्र राहिलं. इतकी वर्षं काका त्या तळ्यावर आले-गेले. तिथे त्यांच्या नावाची एवढी एकच खूण आहे, आणि ती आम्ही केलेली आहे.